स्वाहिली शिकायला घेतलंय? वाक्य आणि क्रियापदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तीनेक वर्षं कामानिमित्त टांझानियातल्या दार-ए-सलामला होतो. परत आल्यापासून कोणाची बदली नैरोबीला झाली, कोणाची मुलगी टांझानियाला शिकवायला निघाली की मला हमखास मेसेज येतो, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. मी काही व्याकरणाचा मास्तर नाही, बाजारात आणि बसमध्ये शिकलेला माणूस आहे. पण एक गोष्ट आधीच सांगतो, मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. आपण शब्दाचं शेपूट बघतो, तिथे शब्दाचं डोकं बघायचं, बस.

लिपी कोणती? आणि तुम्ही देवनागरीत का लिहिताय?

आज स्वाहिली रोमन लिपीत लिहितात, पूर्वी अरबी लिपीत लिहायचे. मी देवनागरीत लिहितोय कारण उच्चार पटकन बसतो. जसं लिहिलंय तसंच वाचायचं, स्वर पाचच, आणि प्रत्येक स्वर पूर्ण म्हणायचा. आपण 'राम' लिहून शेवटचा अ गिळतो तसं इथे नाही, म्हणून मी सगळीकडे पूर्ण काना देतोय. च हा 'चहा'तला, 'चमचा'तला नाही. झ म्हणजे 'झूम मीटिंग'मधला. जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे 'किताबू'मध्ये 'ता'वर. गाईला 'ङोम्बे' म्हणतात, आणि शाळेत पाठ केलेला तो बिचारा ङ आयुष्यात पहिल्यांदा उपयोगाला येतो.

वाक्यात शब्दांचा क्रम काय असतो?

कर्ता, क्रियापद, मग कर्म. 'म्तोतो आनासोमा किताबू', म्हणजे शब्दाला शब्द लावला तर 'मूल वाचतंय पुस्तक'. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, यांचं मध्ये येतं, एवढी सवय आठवड्याभरात होते.

जास्त वेळ लागतो तो विशेषणांना. नाम आधी, बाकी सगळं त्याच्या मागे. 'चांगलं पुस्तक' नाही, 'किताबू किझुरी', पुस्तक चांगलं. 'माझं पुस्तक' नाही, 'किताबू चांगू', पुस्तक माझं. 'तीन मुलं' नाही, 'वातोतो वातातू', मुलं तीन. कवितेत आपण असं उलटं म्हणतोच की.

एका क्रियापदात अख्खं वाक्य कसं काय मावतं?

मराठीत पण मावतं. 'येतो' एवढंच म्हटलं तरी कळतं की मी बोलतोय, मी पुरुष आहे आणि आत्ताचं बोलतोय. ही सगळी माहिती शेवटच्या 'तो'मध्ये आहे. स्वाहिलीत हीच माहिती पुढून लावतात, रेल्वेच्या डब्यांसारखी, आणि डब्यांचा क्रम कधी बदलत नाही.

पहिला डबा, कोण: नि (मी), उ (तू), आ (तो, ती), तु (आम्ही, आपण), म् (तुम्ही), वा (ते, त्या).
दुसरा डबा, कधी: ना (आत्ता), लि (झालं), ता (होणार), मे (होऊन बसलंय).
शेवटचा डबा, काय: सोमा (वाचणे, शिकणे), पिका (शिजवणे), पेंदा (आवडणे, प्रेम करणे).

जोडा आता. नि-ना-सोमा, मी वाचतोय. तु-लि-सोमा, आम्ही वाचलं. वा-ता-पिका, ते शिजवतील. 'मिमी' म्हणजे मी, 'वेवे' म्हणजे तू, 'येये' म्हणजे तो किंवा ती, पण हे सर्वनाम वेगळं म्हणायची गरज नसते, जोर द्यायचा असेल तरच म्हणा. बोलताना 'निनासोमा'चं 'नासोमा' होतं, आपण 'करत आहे'चं 'करतोय' करतो तसंच.

आणि हो, लिंग नाही! 'आनासोमा' म्हणजे तो वाचतोय, ती वाचतेय, ते वाचतंय, सगळं एकच. हे ऐकून माझ्या बायकोने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की ही भाषा मला आवडली.

'लि' आणि 'मे' दोन्ही भूतकाळच ना? मग फरक काय?

इथे मराठी माणसाने कॉलर ताठ करायची. इंग्रजीतून शिकणारे लोक या 'मे'पाशी महिनाभर अडकतात, आपल्याला तो आईच्या दुधाबरोबर मिळालाय.

आपण 'तो झोपला' आणि 'तो झोपलाय' यात फरक करतो ना? पहिल्यात झोपायची घटना झाली, दुसऱ्यात तो आत्ता झोपलेल्या अवस्थेत आहे. 'आलिलाला' म्हणजे झोपला, 'आमेलाला' म्हणजे झोपलाय. तसंच 'आमेका' बसलाय (हा 'का' जरा लांबवायचा), 'निमेचोका' मी दमलोय, 'निमेशिबा' माझं पोट भरलंय. मराठीत '-लाय, -लोय, -लंय' आलं की डोळे झाकून 'मे' लावा, दहापैकी नऊ वेळा बरोबर येईल. कोणाच्या घरी गेलात की 'उमेकुला?' विचारतात, म्हणजे जेवलास का, हे तर थेट आपलंच वाक्य.

क्रियापदाच्या आधी कधी कधी 'हु' दिसतो, तो कशाला?

नेहमी होणाऱ्या गोष्टीला. 'मामा हुपिका', आई स्वयंपाक करत असते. याला मी-तू-तो काही लागत नाही, सगळ्यांना एकच 'हु'. पण खालचा नकाराचा प्रश्न वाचल्याशिवाय हा वापरू नका, घोळ होतो.

एक मिनिट, 'मामा' म्हणजे आई?

हो, आणि गंमत इथे संपत नाही. मामा म्हणजे आई, दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ. बाबा मात्र बाबाच. आपल्या मामाला ते 'म्जोम्बा' म्हणतात. पहिल्या महिन्यात ऑफिसातली एक बाई मला दुसऱ्या बाईची ओळख करून देताना 'दादा यांगू' म्हणाली, आणि मी उगाच आजूबाजूला तिचा भाऊ शोधत होतो.

नाही कसं म्हणायचं?

हा भाग खरंच त्रास देतो, सावकाश घ्या. आपण 'नाही' वेगळा शब्द लावून मोकळे होतो. स्वाहिलीत नकार पहिल्या डब्यात शिरतो, आणि शिरला की मागचे डबे पण हलवतो.

पहिला डबा असा होतो: सि (मी नाही), हु (तू नाही), हा (तो-ती नाही), हातु, हाम्, हावा.

आता काळाप्रमाणे बघा. वर्तमानात 'ना' गायब होतो आणि शेवटच्या आ चा ई होतो: निनासोमा, पण सिसोमी (मी वाचत नाही). भूतकाळात 'लि'च्या जागी 'कु': निलिसोमा, पण सिकुसोमा (मी वाचलं नाही). 'मे'च्या जागी 'जा': निमेसोमा, पण सिजासोमा (अजून वाचलेलं नाही). भविष्यकाळ तेवढा गरीब आहे, 'ता' तसाच राहतो: सितासोमा (मी वाचणार नाही).

आता वरचा घोळ. 'हुसोमा' म्हणजे वाचत असतो, 'हुसोमी' म्हणजे तू वाचत नाहीस. फरक फक्त शेवटच्या स्वराचा.

अरबीतून आलेली क्रियापदं ज्यांचा शेवट आ नसतो, उदाहरणार्थ रुदी (परत येणे), जिबू (उत्तर देणे), साहाऊ (विसरणे), ती वर्तमान नकारात पण शेवट बदलत नाहीत. सिरुदी, सिजिबू, सिसाहाऊ. पाहुण्यांना आपण घरचे नियम लावत नाही, तसं.

'जेवलास का'ला 'अजून नाही' एवढंच म्हणायचं असेल तर 'बादो' म्हणा. हा एक शब्द मी रोज वीस वेळा वापरायचो.

'कुला'मधला 'कु' मध्येच असतो, मध्येच नसतो. का?

'कु' ही आपल्या '-णे'सारखी गोष्ट आहे. कुसोमा वाचणे, कुपिका शिजवणे. डबे जोडताना 'कु' काढून टाकतात. पण काही क्रियापदं इतकी छोटी आहेत की 'कु' काढला तर एकच अक्षर उरतं: ला (खाणे), न्य्वा (पिणे), जा (येणे), फा (मरणे), वा (असणे, होणे). शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर द्यायचा असतो, तो द्यायचा कशावर? म्हणून 'ना, लि, ता, मे' यांच्याबरोबर 'कु' ठेवतात: निनाकुला, निलिकुला, निताकुला. नकाराच्या वर्तमानात तो पडतो, 'सिली' म्हणजे मी खात नाही. आणि 'सिजाला', अजून जेवलो नाही. ही पाच-सहाच आहेत, पण रोजची आहेत, त्यामुळे पाठ करण्यापेक्षा वापरून वापरून बसतात.

जाता जाता, 'नाकुजा' म्हणजे येतोय. पण तिकडे माणूस उठून दाराबाहेर जाताना पण 'नाकुजा' म्हणतो. परदेशी लोक चक्रावतात, मला काहीच वाटलं नाही, आपण पण निघताना 'येतो हं' म्हणूनच निघतो.

'आहे'ला काय म्हणतात?

तीन वेगळे 'आहे' आहेत.

कोण किंवा काय आहे, तर 'नि', नाही तर 'सि'. 'मिमी नि म्वालिमू', मी शिक्षक आहे. कोणालाही हाच 'नि', बदलत नाही.

कुठे आहे, तर 'को' आणि पुढे कोण: निको, उको, युको. 'युको वापी?' तो कुठे आहे? इथे तिसऱ्या पुरुषाला 'आ' नाही, 'यु' येतो, लक्षात ठेवा.

माझ्याकडे आहे, तर 'ना'. निना गारी, माझ्याकडे गाडी आहे. सिना गारी, नाही. हा 'ना' म्हणजे 'सोबत' किंवा 'आणि', काळाच्या 'ना'शी गल्लत करू नका. भूक लागली तरी 'निना न्जा' (इथे पण 'जा' जरा ओढायचा), ताप आला तरी 'निना होमा'.

नामांचे वर्ग म्हणजे काय? पंधरा-अठरा आहेत म्हणे, खरंय?

मोजायच्या पद्धतीवर आहे. एकवचन आणि अनेकवचन वेगळं धरून मोजतात म्हणून आकडा फुगतो, व्यवहारात सहा जोड्या आल्या तरी गाडी चालते. आणि घाबरण्याआधी स्वतःच्या भाषेकडे बघा: पुस्तक नपुंसकलिंगी, वही स्त्रीलिंगी, कागद पुल्लिंगी, का ते कोणालाच माहीत नाही, तरी आपण चुकत नाही.

माणसं म्-वा वर्गात: म्तोतो, वातोतो. वस्तू आणि भाषा कि-व्हि वर्गात: किताबू, व्हिताबू. झाडं म्-मि: म्ती, मिती. फळं वगैरे मा वर्गात: तुंदा, मातुंदा. मग एक वर्ग असा की एकवचन-अनेकवचन सारखंच, न्युंबा म्हणजे घर पण आणि घरं पण. आणि एक उ वर्ग, त्यात बऱ्याच भाववाचक गोष्टी.

खरी मजा जुळणीत आहे. मराठीत बघा: माझं चांगलं पुस्तक हरवलंय. तीन शब्दांच्या शेपटीवर तोच अनुस्वार. आता स्वाहिली: किताबू चांगू किझुरी किमेपोतेआ. सगळ्यांच्या डोक्यावर 'कि', फक्त 'चांगू'त तो 'च' झालाय. अनेकवचन करा: माझी चांगली पुस्तकं हरवलीत, व्हिताबू व्ह्यांगू व्हिझुरी व्हिमेपोतेआ. एक 'व्हि' आला की सगळ्या रांगेत 'व्हि'. म्हणजे क्रियापदाचा पहिला डबा माणसाचाच असेल असं नाही, पुस्तक पडलं तरी 'कि', झाड पडलं तर 'उ', झाडं पडली तर 'इ'.

'किताबू' हा शब्द अरबी, आपल्या 'किताब'चा सख्खा भाऊ. पण तो 'कि'ने सुरू होतो म्हणून यांनी त्याला कि-व्हि वर्गात कोंबला आणि अनेकवचन 'व्हिताबू' केलं. टांझानियात रस्त्यावरच्या सर्कलला 'किपिलेफ्ती' म्हणतात, पाटीवरच्या 'कीप लेफ्ट'वरून, आणि अनेक सर्कल म्हणजे 'व्हिपिलेफ्ती'! आपण 'टेबल'चं 'टेबलं' केलं तोच प्रकार.

प्राण्यांची एक सूट आहे. 'सिंबा' (सिंह) रूपाने न बदलणाऱ्या वर्गातला, पण जिवंत आहे म्हणून क्रियापद माणसासारखं: सिंबा आनाकुला.

'मुलाचं पुस्तक' कसं म्हणायचं?

'किताबू चा म्तोतो.' हो, 'चा'! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खुर्चीतून पडायचा बाकी होतो. आता दोन्ही भाषांचा काही संबंध नाही, हा निव्वळ योगायोग आहे, पण त्यामागचा नियम पण सारखा निघाला. आपला चा-ची-चं कोणाप्रमाणे बदलतो? मुलाप्रमाणे नाही, पुस्तकाप्रमाणे. मुलाचा शर्ट, मुलाची वही, मुलाचं पुस्तक. स्वाहिलीत पण तसंच, ज्याची मालकी सांगतोय त्या वस्तूप्रमाणे: किताबू चा म्तोतो, व्हिताबू व्ह्या म्तोतो, न्युंबा या म्वालिमू (शिक्षकाचं घर), म्तोतो वा म्वालिमू (शिक्षकाचं मूल). फक्त क्रम उलटा, वस्तू आधी, मालक नंतर.

'मी तुला', 'त्याने मला' हे कुठे बसतं?

काळ आणि मूळ क्रियापद यांच्या मधल्या डब्यात. नि (मला), कु (तुला), म् (त्याला, तिला), तु (आम्हाला), वा (त्यांना). नि-ना-कु-पेंदा, माझं तुझ्यावर प्रेम आहे. आ-ना-नि-पेंदा, त्याचं किंवा तिचं माझ्यावर. स्वरापुढे 'म्'चा 'म्व' होतो.

इथे पण मराठी कामाला येते. आपण 'पुस्तक पाहिलं' म्हणतो पण 'शिक्षकाला पाहिलं' म्हणतो, माणूस असला की 'ला' चिकटतो. स्वाहिलीत माणूस कर्म असला की हा मधला डबा लावतात, नाव पुढे स्पष्ट घेतलेलं असलं तरी: निलिओना किताबू, पण निलिम्वोना म्वालिमू. हा 'म्' विसरलात तर लोक समजून घेतात, पण ऐकायला 'मी शिक्षक पाहिला' असं लागतं.

'शुका' आणि 'शुशा' यात काय फरक?

हा प्रश्न मला कोणी विचारत नाही, पण मी उत्तर देणारच, कारण किंमत मोजलीय.

दार-ए-सलामला खासगी मिनीबसला 'डालाडाला' म्हणतात आणि कंडक्टरला 'कोंडा'. दुसऱ्याच आठवड्यात मी कारियाको बाजाराकडे जाणाऱ्या डालाडालात उभा, म्हणजे अर्धा वाकलेला, छताला मान लागलेली, एक बाई कोंबडीची पिशवी माझ्या पायावर ठेवून निवांत बसलेली. स्टॉप आला. 'कुशुका' म्हणजे उतरणे हे मला माहीत होतं, तर मी जोरात ओरडलो, 'शुका!' कोंडाने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःकडे बोट दाखवलं, आणि अख्खी गाडी हसली. मी त्याला 'उतर खाली' म्हणालो होतो. कोंबडीवाल्या बाई म्हणाल्या, 'शुशा, काका, शुशा.' शुका उतर, शुशा उतरव.

मराठीत जो 'व' करतो ते काम यांचा 'श' करतो. शिकणे-शिकवणे, सोमा-सोमेशा. क्रियापदाच्या शेवटच्या आ च्या आधी असे तुकडे घुसवून नवीन क्रियापदं होतात, पुढचे डबे तसेच. 'व' घातला की कर्मणी: पिका, पिक्वा (शिजवलं जाणे). 'न' घातला की एकमेकांना: पेंदा, पेंदाना. 'इ' किंवा 'ए' घातला की कोणासाठी तरी: 'मामा आनाम्पिकिया म्तोतो', आई मुलासाठी शिजवतेय. आणि माझा लाडका 'इक', म्हणजे आपोआप झालं: व्हुंजा फोडणे, व्हुंजिका फुटणे. 'किकोंबे किमेव्हुंजिका', कप फुटलाय. कोणी फोडला ते विचारायचं नाही, दोन्ही भाषांत ही सोय आहे.

प्रश्न आणि हुकूम?

प्रश्नाला फक्त सूर वर न्या, हवं तर सुरुवातीला 'जे' लावा. प्रश्नार्थक शब्द क्रियापदानंतर: 'उनाताका निनी?' काय हवंय? 'उनातोका वापी?' कुठून आलास? नाव विचारताना मात्र 'काय' नाही, 'कोण' विचारतात, 'जिना लाको नानी?'

हुकूम म्हणजे नुसतं मूळ: सोमा! अनेकांना 'सोमेनी!' नको असेल तर 'उसिसोमे'. तीन चुकार आहेत, न्जो (ये, ओ लांबवून), नेंदा (जा), लेते (आण). पण दुकानात हुकूम सोडू नका, 'नाओंबा माजी' म्हणा, म्हणजे पाणी द्याल का.

तू आणि तुम्ही, आदरार्थी आहे का?

एका माणसाला 'उ'च, मग तो साहेब असो की शिपाई. आदर वेगळ्या दाराने येतो. टांझानियात वयाने मोठा माणूस भेटला की 'शिकामो' म्हणतात (शेवटचा ओ ओढून), मुळात अर्थ 'तुमचे पाय धरतो' असा सांगतात, आणि समोरचा 'माराहाबा' म्हणतो. हे चुकवलंत तर व्याकरण कितीही शुद्ध असू द्या, बाजारातल्या आजीबाई तुम्हाला टोमॅटो महागच देणार.

केनियातली शिकू की टांझानियातली?

पुस्तकी स्वाहिली झांझिबार शहराच्या बोलीवर उभी आहे, ब्रिटिशांच्या काळात 1930 मध्ये समिती नेमून ती प्रमाण केली. टांझानियात रस्त्यावर पण बरीचशी याच्या जवळची ऐकू येते. नैरोबीत तरुण पोरं इंग्रजी मिसळून 'शेंग' बोलतात, तिथे नामांच्या वर्गांचं फार कोणी मनावर घेत नाही. सुरुवात प्रमाण भाषेने करा, दोन्हीकडे समजते.

शब्द पाठ करायला किती वेळ लागेल?

बरेच आधीच येतात. हाबारी (खबर), दुनिया, हाकी (हक्क), हेसाबू (हिशेब), बाकी, तायारी, दुका (दुकान), कालामू, पेसा, गारी, चापाती, लाकी (लाख), बिमा (विमा), गुनिया (गोणी), काचुंबारी. काही अरबी-फारसीतून आपल्याकडे पण आले आणि त्यांच्याकडे पण, काही गलबतांवरून आपल्या किनाऱ्याने तिकडे पाठवले. फसवे पण आहेत: 'मोजा' म्हणजे एक, 'सासा' म्हणजे आत्ता, 'पाका' म्हणजे मांजर, आणि 'माजी' म्हणजे पाणी. आमच्या सोसायटीच्या माजी सेक्रेटरींना हे सांगितलं तर त्यांनी पाण्याच्या बिलाचा विषय काढला, मी म्हटलं 'नाकुजा' आणि निघालो.